तीन दिवसांची सवय

मंजिरीने पहिली उलटी केली ती माझ्या नव्या साडीवर, आणि मला मनातून आनंद झाला.

चिखलदऱ्याच्या घाटातलं चौथं की पाचवं वळण असेल. "अगं बाई, ताई, तुमची साडी!" म्हणत छाया तिला ओढून घ्यायला लागली, तर मी पोर आणखीच घट्ट धरली. म्हटलं, "राहू दे. लेकरू आपल्या माणसाच्याच अंगावर ओकते."

पुढच्या सीटवरून उमेश हसला. "पाहा दादा, वयनीनं सुरुवातबी केली."

आमचे हे गाडी चालवत होते, त्यांनी आरशातून मागे पाहिलं. दुकानात नवीन बियाणं आलं की पिशवी उघडून दाणे हातावर घेऊन बघायचे ना, तसं. तेवढ्यात मंजिरीने भोकाड पसरलं आणि दोन्ही हात छायाकडे टाकले. माझ्या मांडीवर फुटलेलं दूध आणि बिस्किटाचा लगदा राहिला आणि पोर आईच्या खांद्यावर गेली. मी पदर पिळत बसले.

छाया माझी धाकटी जाऊ. उमेश दीर, अमरावतीला एका शाळेत क्लार्क. आम्ही अकोल्याचे, यांचं बी-बियाण्यांचं दुकान. आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. अकोला झालं, नागपूर झालं, एकदा पुण्यालाही जाऊन आलो. उमेश-छायाला मात्र तीन मुली. मंजिरी तिसरी, एक वर्ष नऊ महिन्यांची.

दिवाळीत विषय काढला तो उमेशनेच. फराळाच्या ताटावर बसून म्हणाला, "दादा, तिसरी तुमची." घरात जास्तीची झालेली वांगी शेजारी द्यावीत, तसं म्हणाला. मला राग यायला हवा होता. तो आला नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मी सांगते, लाजही नसते. मी तिथल्या तिथे मनात पोरीचं झबलं शिवायला घेतलं.

छाया त्या वेळी दाराशी उभी होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिने एवढंच म्हटलं, "माझं एकच म्हणणं आहे. रडत जाणार असन तर मी देणार नाही. हसत गेली तर न्या."

"रडाले काय झालं?" उमेश म्हणाला. "सवय झाली की नाही रडत. आपण असं करू, तीन दिवस सगळे मिळून चिखलदऱ्याले जाऊ. ती वयनीजवळ राहीन, खाईन, झोपन. येताना परतवाड्याच्या स्टँडवर आम्ही दोघं अमरावतीच्या एश्टीत बसू, आन ती तुमच्या गाडीत अकोल्याले. दत्तकाचे कागद मग करू निवांत."

असा तो बेत होता. लोक लेकराला घेऊन सहलीला जातात. आम्ही लेकरासाठी सहलीला निघालो होतो. यांनी त्यासाठी जुनी व्हॅन दुरुस्त करून घेतली, मागच्या दाराला आतून उघडणार नाही अशी कडी बसवली, आणि घरी जिन्याला लाकडी फाटक लावलं. मोठ्या दोघी मुलींना छायाच्या आईकडे ठेवलं. छायाने पंधरा दिवस आधी कडुनिंबाचा पाला वाटून लावला आणि पोरीला अंगावरून तोडलं. हे मला उमेशने सांगितलं, अगदी कामाचा माणूस कामाचा अहवाल देतो तसं.

पहिला दिवस वाया गेला. डिसेंबरची थंडी, वर धुकं. दोन खोल्यांचं लॉज मिळालं. मी खुळखुळा आणला होता, चावीचं अस्वल आणलं होतं, तांदळाची गोड पेज करून थर्मासमध्ये आणली होती. पोर पेज खायची माझ्या हातून, पण डोळे छायावर. छाया न्हाणीत गेली की ही दारावर थापा मारायची. देवी पॉइंटवर मी तिला कडेवर घेऊन दरी दाखवली तर तिने माझ्या मंगळसूत्राला हिसका देऊन दोन मणी तोडले. "काऊन रडते इतकी?" हे एकदा हळूच म्हणाले, आणि मला वाटलं दोष माझाच आहे. पंधरा वर्षं तेच वाटत आलं होतं, नवीन काही नव्हतं.

दिवेलागणीला ती झोपली ती मात्र पाहण्यासारखी. छायाच्या अंगात एक हिरवं स्वेटर होतं, हाताने विणलेलं, कोपरावर विरलेलं. मंजिरीच्या वेळी दिवस राहिले तेव्हा विणलं होतं म्हणे तिने. पोरीने त्यात नाक खुपसलं, एका विरलेल्या भोकात बोट घातलं, आणि पाच मिनिटांत डाराडूर. छायाने तिला माझ्या पलंगावर आणून ठेवली, कारण ठरलं होतं ना, पोर माझ्याजवळ झोपणार. स्वेटर सुटताक्षणी ती उठली आणि रडून रडून निळी झाली. शेवटी छायाच घेऊन गेली.

माझ्या माहेरी दारात बारा म्हशी होत्या. एखादी पारडू टाकून मेली, आणि पोरकं पारडू दुसरीला लावायचं असलं, की बाबा त्या दुसरीचंच दूध काढून पारडाच्या पाठीवर चोळायचे. म्हैस आधी शिंगं उगारायची. मग हुंगायची. मग चाटायची. दोन दिवसांत त्याला आपलं म्हणून पाजायला लागायची. "जनावर डोळ्यानं नाही ओळखत, नाकानं ओळखते," बाबा म्हणायचे. लहानपणी मला ती मोठी मजा वाटायची, की एवढी मोठी म्हैस आणि इतकी सोपी फसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी छाया अंघोळीला गेली. पोर उमेशजवळ बाहेर, हे गाडी पुसत होते. स्वेटर पलंगावर पडलं होतं. मी ते उचललं, घडी केली आणि माझ्या पिशवीत साड्यांच्या खाली घातलं. चोरी म्हणावी इतका वेळही लागला नाही.

"ताई, माझं स्वेटर पाह्यलं का?"

"नाही बाई. कुठी ठेवलं होतं?"

"इथीच तर होतं."

मग शोधाशोध. मीही वाकून पलंगाखाली पाहिलं. दोनदा पाहिलं. उमेश आत आला आणि सगळं ऐकून छायावरच खेकसला. "अक्कल गहाण ठेवून आली काय? काल पॉइंटवर काढून ठेवलं असन आन विसरली असन. एक वस्तू सांभाळता येत नाही, लेकरं काय सांभाळशीन?"

"काल मी अंगातलं काढलंच नाही," छाया म्हणाली.

"मंग काय उडून गेलं?"

 छायाने उमेशचा टर्किश टॉवेल खांद्यावरून लपेटून घेतला आणि तशीच निघाली.

मी न्हाणीत जाऊन स्वेटर अंगात चढवलं. मला ते तंग होत होतं, खालची दोन बटणं लागेनात. वरून शाल घेतली, गळ्यापर्यंत पिन लावली. आरशात पाहिलं तर काहीच कळत नव्हतं.

त्या दिवशी मंजिरी माझ्याकडे आली. एकदम नाही. आधी गाडीत शेजारी बसून माझ्या शालीला नाक लावलं. मग मान वर करून माझं तोंड पाहिलं, जरा गोंधळली. म्हशीसारखीच. मी शाल थोडी सैल केली, तिचा हात आत घेतला, तिला ते विरलेलं भोक सापडू दिलं. ती मांडीवर चढली आणि झोपली. मोझरीच्या रस्त्याला खड्डे काय कमी होते? तरी उठली नाही. माझ्या मांडीला मुंग्या आल्या, पाय बधिर झाला, पण हलले नाही. पंधरा वर्षांत माझ्या अंगावर कुणी असं निर्धास्त झोपलं नव्हतं.

"बघ छाया!" उमेश मागे वळून म्हणाला. "रक्त ओळखते म्हणतात ते खोटं नाही. मोठी आईच आहे ना ती तिची."

आमच्याकडे मोठ्या काकूला मोठी आईच म्हणतात. छाया खिडकीकडे तोंड करून बसली होती. काचेतून वारा येत होता आणि ती टॉवेल ओढून घेत होती. मला तिला शाल द्यायला हवी होती. गाडीत दुसरं गरम काही नव्हतं. एवढी साधी गोष्ट मला करता येईना, कारण शालीखाली तिचंच स्वेटर होतं. मी म्हटलं, "काच लावून घे ना." तिने लावली.

दुपारी एका गवळ्याच्या घरासमोर थांबलो. तिथल्या बाईने चुलीवरचा गरम खवा पळसाच्या पानावर दिला. मी बोटाने खवा भरवला, मंजिरीने खाल्ला आणि माझं बोट चावलं आणि हसली. मग सगळेच हसले. यांनी खाली बसून तिच्यासमोर हात पसरले, तर ती डुलत डुलत त्यांच्याकडे चार पावलं गेली आणि परत माझ्याकडे आली. यांचे डोळे भरले. दुकानात खोटं बियाणं गळ्यात मारणाऱ्या कंपनीच्या माणसांशी तास-तास भांडणारा माणूस, पण पळसाचं पान हातात धरून डोळे पुसत उभा राहिला. मला वाटलं, जिंकलो आपण.

छाया तेव्हा त्या गवळणीशी बोलत होती. खवा कसा आटवता, किती दूध लागतं. तिने स्वतः खवा खाल्ला नाही.

संध्याकाळी माणसं चहाला खाली गेली. मंजिरी माझ्या मांडीवर, शालीत. छाया माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली. थंडीने तिचे ओठ फुटले होते.

"ताई, आता मले काळजी नाही," ती म्हणाली.

मी पोरीच्या अंगावरची शाल सारखी केली.

"मले वाटलं होतं, ती नाही राहणार. म्हणून तशी अट घातली. खरं सांगू? मनातून वाटे की तिनं रडावं. लय रडावं. म्हणजे मले नाही म्हणता येईन." ती जराशी हसली. "पण ती तर एका दिवसात माझी राहिली नाही. आज दिवसभर एकदा तरी आली का माझ्याकडं? लेकराले कळते बहुतेक, कुठी आपलं भलं होणार आहे ते. मीच उगाच…" मग तिने हाताने डोळे न पुसताच सांगायला सुरुवात केली. तुरीचं वरण तिला चालत नाही, मुगाचं द्या. कानाला वारा लागला की रात्री कान दुखतो, टोपी विसरू नका. कुकरच्या शिट्टीला भिते, शिट्टी व्हायच्या आधी उचलून घ्या. झोपेत घाम येतो, म्हणून उशीला सुती फडकं. पाठीवर थोपटायचं नाही, कपाळावरून हात फिरवायचा.

मी सगळं ऐकलं, मान हलवली. ती सांगत होती तेव्हा तिच्या स्वेटरची बटणं माझ्या पोटाला रुतत होती. त्या क्षणी बोलले असते तर? शाल काढून तिच्या हातात दिली असती आणि म्हटलं असतं, बाई, तुझी पोर तुझीच आहे, मी लबाडी केली, आता तू ठरव? तेवीस वर्षं मी हा प्रश्न उलटापालटा करते आहे. मला माहीत आहे, तेव्हाही तिने दिली असती. रडत दिली असती, पण दिली असती. उमेशने तिला दुसरा मार्गच ठेवला नव्हता. पण मी म्हटलं, "कपाळावरून ना? बरं." पोटात एक आणि ओठांत एक, असं आयुष्यात कधी केलं नव्हतं, केलं ते नेमकं त्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. हे आणि उमेश गाडीचं चाक पंक्चर झालं म्हणून ते काढून बाजारात घेऊन गेले. आम्ही दोघी लॉजच्या अंगणात उन्हाला बसलो होतो. मंजिरी खडीवर कोंबडीच्या मागे धावत होती.

ती पडली. गुडघे फुटले, तळहाताला खडे रुतले. आधी आवाजच फुटला नाही, मग किंकाळी. छाया तिच्यापासून दोन पावलांवर होती, मी दहा. छाया वाकली, दोन्ही हात पसरले, "ये ये माझं बाळ" म्हणाली. मंजिरी उठली, आणि तिच्या हाताखालून निसटून धावत माझ्याकडे आली.

माझ्या पोटात डोकं खुपसून तिने शाल ओढली. पिन सुटली. शाल खाली पडली.

आधी छायाचं लक्ष पोरीच्या गुडघ्याकडे होतं. मग माझ्याकडे गेलं. हिरवं स्वेटर, न लागलेली दोन बटणं, आणि त्यात नाक खुपसून हुंदके देणारी तिची मुलगी. ती वाकलेलीच राहिली, हात पसरलेले तसेच.

"कधी घेतलं?" तिने विचारलं.

"काल."

"अंघोळीला गेली तेव्हा?"

मी मान हलवली.

ती सरळ उभी राहिली. मला वाटलं ती ओरडेल, झिंज्या धरेल. मला ते चाललं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "ताई, लेकरू देऊन राह्यली होती मी तुम्हाले. पोटचं लेकरू. स्वेटर चोरावं लागलं?"

"छाया, मी…"

"मागितलं असतं तं दिलं नसतं काय? त्याच्यासंगं पाठवणारच होती."

 मी स्वेटर काढायला लागले, तर मंजिरी सोडेना. तिची बोटं एकेक करून मी विरलेल्या लोकरीतून सोडवली. छायाने स्वेटर घेतलं, अंगात घातलं, पोरीला उचललं. पोर तात्काळ गप्प झाली. माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

छायाने मग पोरीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि ती रडली. काल मला पोरीच्या सवयी सांगताना रडली नव्हती तेवढी रडली. पण ते रडणं वेगळं होतं, आणि का, ते तिच्या तोंडून आलं तेव्हाच मला समजलं.

"ही तुमच्याकडं नव्हती आली," ती म्हणाली. "माझ्याचकडं येऊन राह्यली होती. काल दिवसभर. आत्ताबी. मी म्हटलं, पोरगी मले विसरली."

"हो," मी म्हटलं.

"आता मी नाही देत."

"नको देऊ."

"तसं नाही जमत ताई." तिने नाक पुसलं आणि तिचा आवाज एकदम घरातल्या कामाचा झाला. "मी नाही म्हटलं तं आमचे हे मले जगू देणार नाहीत. तीन पोरीची माय आहे मी, माझ्या नाही म्हणण्याले काय किंमत? तुम्ही सांगा. परतवाड्याले गेलं की तुम्हीच म्हणा, मले नको ही. तुम्ही नको म्हटल्यावर कोणी काही करू शकत नाही."

"आमच्या यांच्यासमोर?"

"त्यायच्यासमोरच."

"छाया, हे मेले तरी मला माफ करणार नाहीत."

"स्वेटरचं मी कोणाले सांगणार नाही," ती म्हणाली. "मरेपर्यंत नाही."

तिने धमकी दिली नव्हती. सौदाही केला नव्हता. जे दोघींना जमण्यासारखं होतं तेवढं तिने सांगितलं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे जागाच उरली नव्हती.

माणसं आली. "सापडलं का स्वेटर?" उमेशने विचारलं. "गाडीतच होतं, सीटच्या मागं," छाया म्हणाली. उमेश म्हणाला, "म्हटलं ना मी? अशीच आहे ही."

घाट उतरताना मंजिरी छायाच्या मांडीवर होती. यांनी दोनदा आरशातून पाहिलं. दुसऱ्या वेळी म्हणाले, "विमल, घे ना तिला. आता थोड्या वेळानं…" मी म्हटलं, "झोपली आहे. राहू द्या."

परतवाड्याच्या स्टँडवर अमरावतीची गाडी लागलेली होती. उमेशने आपली बॅग काढली, आणि मंजिरीची लहान बॅग व्हॅनमध्येच ठेवली. छाया पोरीला घेऊन उतरली आणि उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. उमेश म्हणाला, "चला वयनी, घ्या आता तुमची लेक. रडत नाही, काही नाही. छाया, दे."

मी म्हटलं, "उमेश, तिची बॅग काढून घ्या. मी नाही नेत तिला."

"मस्करी करून राह्यल्या काय?"

"मस्करी नाही. मला नको ही पोरगी."

स्टँडवर केळ्यांची गाडी होती, कंडक्टर ओरडत होता, कुणी तरी सीटवर रुमाल टाकत होतं. त्या सगळ्यात यांचा आवाज मला ऐकू आला. "विमल?" एवढंच.

"फार किरकिरी आहे," मी म्हटलं. मला वाटलं होतं, मी अडखळेन. अडखळले नाही. "तीन दिवसांत जीव नकोसा झाला माझा. आणि आता या वयात दुसऱ्याचं लेकरू वाढवायचं माझ्याच्यानं होणार नाही. मी करून पाहिलं. नको."

"काल तं मांडीवर झोपून राह्यली होती ती!" उमेश म्हणाला.

"म्हणूनच कळलं, मला नाही जमणार."

उमेशचं तोंड उतरलं, मग लाल झालं. तो माझ्यावर ओरडू शकत नव्हता, थोरल्या भावाची बायको. त्याने व्हॅनचं दार उघडून बॅग ओढून काढली आणि छायाच्या पायाजवळ टाकली. "घे. कोणालेच नको असलेली पोरगी आहे तुझी. घे." छायाने बॅग उचलली, पोर सावरली आणि एश्टीत चढली. खिडकीजवळची जागा मिळाली होती तिला, पण तिने खिडकीतून बाहेर पाहिलं नाही. गाडी सुटेपर्यंत ती पोरीची टोपी नीट करत होती.

 अंजनगावच्या पुढे हे एकदा गाडी बाजूला घेऊन थांबले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले. म्हणाले, "पंधरा वर्षं मी डॉक्टरच्या दारात उभा राह्यलो ते कोणासाठी?"  त्यांनी गाडी सुरू केली. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. जिन्याचं लाकडी फाटक आठवडाभराने सुताराला परत दिलं. आम्ही एका घरात राहिलो, एका ताटात नाही पण एका वेळी जेवलो, दुखण्याखुपण्यात एकमेकांचं केलं. पण त्यांनी मला पुन्हा कधी आरशातून पाहिल्यासारखं पाहिलं नाही. त्यांना वाटतं, मी त्यांच्या तोंडातला घास काढला. ते बरोबरच आहे, फक्त कसा काढला ते त्यांना माहीत नाही.

छायाने शब्द पाळला. सणावाराला भेटायची, वाकून नमस्कार करायची, माझ्या ताटात आधी वाढायची. एकदाही तो विषय काढला नाही. तीन वर्षांपूर्वी ती किडनीने गेली. शेवटची दोन वर्षं मंजिरीनेच तिचं केलं. थोरल्या दोघी सासरी, बापाला उठता-बसता हुकूम द्यायची सवय. पोरीने लग्न पुढे ढकललं, नोकरी सांभाळली, आणि आईला आठवड्यातून तीन वेळा दवाखान्यात नेलं.

मागच्या फेब्रुवारीत ती कामासाठी अकोल्याला आली होती. दुपारी घरी आली. पंचवीस वर्षांची झाली आहे आता, छायासारखाच बारीक आवाज. हे व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. मी चहा केला. दोघी स्वयंपाकघरात बसलो.

"मोठी आई, एक विचारू? राग नका मानू."

"विचार."

"बाबा रागावले की एकच बोलतात. मी पाचवीत असल्यापासून ऐकते. 'तुले तं मोठ्या आईनंबी वापस केलं.' खरं आहे का ते?"

मी गॅस बारीक केला. गॅसवर काहीच नव्हतं.

"आईले विचारलं होतं मी," ती म्हणाली. "दवाखान्यात. ती म्हणाली, मोठ्या आईलेच विचार, तिले मालूम आहे. बाकी काही बोलली नाही." तिने कपाच्या कानाशी चाळा केला. "म्हणजे आई-बाबांनी तं देऊनच टाकलं होतं, हे मले समजते. तिसरी पोरगी. त्याचं मी काही धरत नाही. पण तुमचं मले… लहानपणी मले नेहमी वाटे, कोणालेच नाही तं तुम्हाले तरी मी पायजे असन. तुम्ही दिवाळीले यायच्या तेव्हा माझ्याकडं अशा पाहायच्या."

दोन-तीन वाक्यांचं काम होतं. तुझ्या आईने तुला सोडलं नाही. बापासमोर नाही म्हणायची तिची छाती नव्हती, म्हणून तिने ते माझ्याकडून म्हणवलं. आणि मी तुझ्यासाठी चोरी केली. एवढं सांगितलं असतं तर त्या पोरीला एका दुपारी दोन आया मिळाल्या असत्या. छायानेही ते तिच्यासाठी माझ्याजवळ ठेवून दिलं होतं, मरताना तिने माझं नाव सांगितलं ते उगाच नाही. तिचा शब्द तिने पाळला होता आणि मला मोकळं केलं होतं.

बाहेर व्हरांड्यात पेपरचा आवाज थांबला होता. हे ऐकत होते.

"खरं आहे," मी म्हटलं. "मीच नको म्हटलं."

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, काही नाही. मान हलवली, जणू एखाद्या कागदावर सही हवी होती आणि ती मिळाली. बाहेर पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"चहा घे," मी म्हटलं, "गार होऊन राह्यला."

तिने चहा संपवला, कप स्वतः विसळून पालथा ठेवला, आणि निघताना वाकून माझ्या पाया पडली.